बिंदूची रेघ करणारा डोळा

मनुष्य आपल्या डोळ्यांवर जितका विश्वास ठेवतो, तितका दुसऱ्या कोणत्याही इंद्रियावर ठेवत नाही. ‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले’ असे कोणी म्हटले की वाद संपतो. खऱ्याखोट्यात चार बोटांचे अंतर असते असे म्हणतात, ते ह्याच अर्थाने. कानापासून डोळ्याचे अंतर चार बोटांचेच आहे. परंतु हा भरवशाचा साक्षीदारही कधी कधी चुकीची साक्ष देतो, आणि ती चुकीची आहे हे ज्याचा डोळा त्यालाच पुष्कळदा कळत नाही. ज्याने जन्मापासून जग एकाच प्रकारे पाहिले आहे, त्याला ते निराळे दिसू शकते अशी शंका तरी कोठून येणार?

डोळ्याचा असाच एक दोष आहे. शास्त्रीय भाषेत त्याला ‘अबिंदुकता’ किंवा ‘दृष्टिवैषम्य’ म्हणतात. इंग्रजीतून आलेले ‘ॲस्टिग्मॅटिझम’ हे त्याचे नाव नेत्रवैद्यांच्या तोंडी असते, तर चष्म्याच्या दुकानात त्यालाच ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतात. थोड्याफार प्रमाणात हा दोष बहुतेक डोळ्यांत असतो. तो फार थोडा असला तर त्याचा काही त्रास होत नाही. पण त्याचे प्रमाण वाढले म्हणजे अक्षरे पुसट होतात, डोळे शिणतात आणि डोके दुखू लागते. ह्या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम निर्दोष डोळा कसा पाहतो हे ध्यानात घेतले पाहिजे.

डोळ्याच्या अगदी पुढच्या भागावर, घड्याळावर काच बसवावी त्याप्रमाणे, एक पारदर्शक पडदा बसविलेला असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर व मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. पारपटलाच्या मागे रंगीत बुबुळ, बुबुळाच्या मधोमध काळीभोर बाहुली आणि बाहुलीच्या मागे नेत्रभिंग असते. डोळ्याच्या तळाशी प्रकाशाची जाणीव असणारे दृष्टिपटल पसरलेले असते. एखाद्या ताऱ्याकडून आलेले किरण पारपटलातून आत शिरताना वाकतात, नेत्रभिंगातून जाताना आणखी थोडे वाकतात आणि दृष्टिपटलावर एका बिंदूत एकत्र येतात. किरण वाकविण्याचे दोन तृतीयांश काम एकटे पारपटलच करते. म्हणून त्याच्या आकारात थोडा जरी फरक पडला, तरी त्याचा परिणाम दृष्टीवर झाल्यावाचून राहत नाही.

निर्दोष पारपटल चेंडूच्या पृष्ठभागाच्या तुकड्यासारखे असते. चेंडूवरून बोट वरून खाली फिरविले काय किंवा डावीकडून उजवीकडे फिरविले काय, त्याचा बाक सगळीकडे सारखाच लागतो. आता जमिनीवर आडवा ठेवलेला मृदंग डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या लांबीच्या दिशेने हात फिरविला तर त्याचे पोट अगदी बेताचे फुगीर लागते. पण त्याच्यावरून आडवा हात फिरविला तर तो चटकन वळसा घेऊन खाली उतरतो. एकाच पृष्ठभागाचा बाक दोन दिशांना दोन प्रकारचा आहे. दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्याचे पारपटल चेंडूसारखे नसून अशा पृष्ठभागासारखे असते. हा फरक इतका सूक्ष्म असतो, की समोरून पाहणाऱ्याला तो मुळीच ओळखू येत नाही. परंतु प्रकाशकिरण तो अचूक ओळखतात.

ज्या दिशेला बाक अधिक असतो, त्या दिशेचे किरण लवकर एकत्र येतात. ज्या दिशेला बाक कमी असतो, त्या दिशेचे किरण त्याच्या थोडे मागे जाऊन एकत्र येतात. समजा, एका डोळ्यात उभ्या दिशेचा बाक अधिक आहे. मग उभ्या दिशेचे किरण ज्या ठिकाणी मिळतात, तेथे आडव्या दिशेचे किरण अजून फाकलेलेच असतात, आणि त्यामुळे ताऱ्याच्या बिंदूची तेथे एक बारीक आडवी रेघ बनते. आणखी मागे गेले म्हणजे आडव्या दिशेचे किरण मिळतात. पण तोवर उभ्या दिशेचे किरण एकमेकांना ओलांडून पुन्हा पसरलेले असतात, म्हणून तेथे उभी रेघ बनते. ह्या दोन जागांच्या दरम्यान कोठे लांबट, तर कोठे वाटोळा ठिपका पडतो. परंतु खरा बिंदू कोठेच मिळत नाही. लघुदृष्टी असलेल्या डोळ्यात बिंदू निदान दृष्टिपटलाच्या पुढे तरी तयार होतो. येथे तो मुळीच तयार होत नाही. ‘अबिंदुकता’ ह्या नावाचा अर्थ एवढाच आहे.

बिंदूची रेघ झाली म्हणजे चित्राचे काय होते, हे रांगोळीच्या ठिपक्यांवरून चांगले समजेल. अंगणात ठिपक्यांची एक आडवी ओळ व एक उभी ओळ काढली आहे अशी कल्पना करावी. आता प्रत्येक ठिपका बोटाने थोडा थोडा आडवा पुसला, तर आडव्या ओळीतील ठिपके एकमेकांत मिसळतील आणि एक सरळ, बारीक रेघ दिसू लागेल. उभ्या ओळीचा मात्र एक रुंद, फिकट पट्टा होईल. दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्यात नेमके हेच घडते. एका दिशेच्या रेषा ठसठशीत दिसतात आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेच्या रेषा विरून जातात. म्हणूनच नेत्रवैद्य रोग्याला घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सर्व दिशांना रेषा काढलेले एक चित्र दाखवितात. निर्दोष डोळ्याला त्या सर्व रेषा सारख्याच काळ्या दिसतात. सदोष डोळ्याला त्यांपैकी काही गडद व काही पुसट दिसतात.

आता अशा डोळ्याचा एखादा विद्यार्थी वर्गात बसला आहे असे समजावे. फळ्यावर लिहिलेल्या शब्दांची शिरोरेषा त्याला स्पष्ट दिसते. परंतु काना आणि दंड अंधुक दिसतात. ‘घ’ आणि ‘ध’ ह्यांत त्याला भेद कळत नाही. ‘ब’ च्या पोटातील रेघ दिसत नाही आणि तो ‘व’ वाचतो. पुस्तक जवळ धरले तरी पूर्ण समाधान होत नाही, दूर धरले तरी होत नाही. कारण हा दोष जवळच्या व लांबच्या अशा दोन्ही वस्तू पाहताना आड येतो. तो विद्यार्थी डोळे बारीक करून पाहतो. पापण्यांची फट अरुंद झाल्याने काही फाकलेले किरण अडविले जातात आणि अक्षर क्षणभर थोडे सुधारते. परंतु तास संपेपर्यंत कपाळ दुखू लागते. वहीतील चुका पाहून लोक त्याला निष्काळजी म्हणतात, आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागते. वास्तविक त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. त्याच्या डोळ्याने त्याला जे दाखविले, तेच त्याने प्रामाणिकपणे लिहिलेले असते.

हा दोष स्वतःच्या डोळ्यात असूनही माणसाला किती काळ समजत नाही, ह्याची उत्तम उदाहरणे दोन थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रांत सापडतात. पहिले शास्त्रज्ञ म्हणजे इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस यंग. त्यांचा जन्म १७७३ साली झाला. प्रकाश लहरींच्या रूपाने पसरतो हे प्रयोगाने दाखविणारे तेच हे यंग. डोळ्याचे कार्य कसे चालते ह्यावरील त्यांचा निबंध १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच डोळ्यावर अनेक प्रयोग केले होते. तेव्हा त्यांना असे आढळले, की उभ्या दिशेने फाकणारे किरण १० इंचांवरून आले तरच त्यांच्या दृष्टिपटलावर एकत्र येत, तर आडव्या दिशेने फाकणाऱ्या किरणांना त्यासाठी ७ इंचांवरून यावे लागे. हे प्रयोग करीपर्यंत आपल्या डोळ्यातील हे व्यंग त्यांना मुळीच ठाऊक नव्हते, आणि त्यापासून त्यांना काही गैरसोयही झाली नव्हती.

यंग ह्यांनी पुढे हेही शोधले, की दोष आहे तरी कोठे. त्यांनी भिंग बसविलेल्या एका छोट्या नळीत पाणी भरून ती डोळ्याला लावली. पाणी पारपटलाला भिडले म्हणजे किरण वाकविण्याची त्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. तरीही दोष पूर्वीइतकाच राहिला. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की आपल्या बाबतीत दोष पारपटलात नसून आतील नेत्रभिंगात आहे. बहुतेक लोकांत तो पारपटलात असतो, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. यंग ह्यांनी ही हकीगत भिंगे विकणाऱ्या एका दुकानदाराला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, की काही गिऱ्हाइकांना भिंग तिरके धरले तरच स्पष्ट दिसते, असे त्याच्या अनेकदा पाहण्यात आले होते. ते लोक नकळत आपल्या डोळ्यातील वैषम्यावर उपायच करीत होते!

दुसरे शास्त्रज्ञ जॉर्ज बिडेल एअरी. पुढे १८३५ ते १८८१ ह्या काळात ते इंग्लंडचे राजज्योतिषी होते. ग्रिनिच येथील ज्या रेखावृत्तापासून पृथ्वीवरील रेखांश मोजण्याचे ठरले, ते त्यांनी उभारलेल्या दुर्बिणीच्या मध्यातून जात असे. भारताची प्रमाणवेळ ठरविणारे साडेब्याऐंशी अंश पूर्वेचे रेखांशही ग्रिनिचपासूनच मोजलेले आहेत. मोजमापात इतके काटेकोर असलेले हे गृहस्थ तरुणपणी केंब्रिजच्या विद्यापीठात असताना त्यांच्या लक्षात आले, की वाचताना आपला डावा डोळा काहीच काम करीत नाही. सवय नसल्यामुळे असे होत असावे असे वाटून त्यांनी उजवा डोळा मिटून वाचण्याचा प्रयत्न केला. परंतु पुस्तक कितीही जवळ किंवा दूर धरले तरी बारीक टाइपातील एकही अक्षर त्यांना ओळखता येईना.

पुढे एकदा दूरच्या दिव्याकडे पाहताना त्यांना दिसले, की डाव्या डोळ्याला तो प्रकाशबिंदू वाटोळा न दिसता लांबट दिसतो, आणि ती लांबी उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांचा कोन करते. दुसरा एखादा म्हणाला असता, ‘डोळा अधू आहे, झाले!’ एअरी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कागदावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन काळ्या रेषा काढल्या. कागद एका विशिष्ट अंतरावर धरला असता एक रेषा अगदी स्पष्ट दिसे आणि दुसरी दिसेनाशी होई. कागद जवळ आणला की पहिली लोपून दुसरी स्पष्ट होई. मग त्यांनी एका पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडले आणि त्यातून येणारा प्रकाशबिंदू डोळ्यापासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवून पाहिला. तो ६ इंचांवर असताना एका दिशेची रेघ बने, आणि साडेतीन इंचांवर आणला असता तिला काटकोनात असलेली दुसरी रेघ बने. दोषाची दिशा कोणती आणि त्याचे प्रमाण किती, हे दोन्ही आता आकड्यांत सांगता येऊ लागले.

आकडे हाती आल्यावर उपायही सापडला. साधे बहिर्गोल किंवा अंतर्गोल भिंग किरणांना सर्व दिशांनी सारखेच वाकविते. म्हणून ते येथे उपयोगी पडत नाही. जेथे दोष एकाच दिशेला आहे, तेथे त्याच दिशेला काम करणारे भिंग पाहिजे. असे भिंग दंडगोलाच्या आकारापासून मिळते. पाण्याने भरलेला, सरळ उभ्या बाजूंचा काचेचा पेला पुस्तकाच्या अगदी जवळ धरून त्यातून अक्षरे पाहावीत. अक्षरे रुंदीला वाढलेली दिसतात, पण त्यांची उंची होती तेवढीच राहते. पेला दंडगोल असल्यामुळे तो आडव्या दिशेला भिंगासारखा काम करतो आणि उभ्या दिशेला साध्या सपाट काचेसारखा. एअरी ह्यांनी हिशेब करून एका बाजूला दंडगोलाप्रमाणे व दुसऱ्या बाजूला चेंडूप्रमाणे वक्र असलेले अंतर्गोल भिंग कसे असावे हे ठरविले, आणि अखेर इप्सविच गावच्या फुलर नावाच्या कारागिराने ते त्यांना घासून दिले. ते डोळ्यापुढे धरताच निरुपयोगी वाटणारा डावा डोळा उजव्याप्रमाणेच बारीक अक्षरे वाचू लागला! हा वृत्तान्त एअरी ह्यांनी १८२५ साली केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते.

ह्या दोषाला नाव मात्र अजून नव्हते. केंब्रिजचेच विद्वान विल्यम ह्यूवेल ह्यांनी पुढे ते सुचविले. ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू आणि त्यामागील ‘अ’ हे अक्षर आपल्या संस्कृतातल्याप्रमाणेच अभाव दाखविते. त्यावरून ‘ॲस्टिग्मॅटिझम’ हा शब्द बनला. नाव मिळाले तरी कित्येक वर्षे ही विद्वानांच्या कुतूहलाचीच बाब राहिली. हॉलंडमधील युट्रेक्टचे नेत्रवैद्य डोंडर्स ह्यांनी १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्या दोषाचे सविस्तर विवेचन केले आणि तो किती जणांत आढळतो हे वैद्यांच्या ध्यानात आणून दिले. तेव्हापासून दंडगोल भिंगांचा चष्मा सामान्य माणसाच्या आटोक्यात येऊ लागला.

आज हे मोजमाप फार सोपे झाले आहे. वाटोळ्या कड्यांचे प्रतिबिंब पारपटलावर पाडले असता ते वाटोळे आहे की लंबगोल, ह्यावरून त्याचा आकार कळतो. यंत्राने आकडे काढल्यावर नेत्रवैद्य तपासणीच्या चौकटीत भिंगे घालून ती फिरवीत जातात आणि कोणत्या स्थितीत अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात हे विचारतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर तीन आकडे असतात. पहिला साध्या भिंगाच्या शक्तीचा, दुसरा दंडगोल भिंगाच्या शक्तीचा, आणि तिसरा ते भिंग कोणत्या दिशेने बसवावे हे सांगणारा, १ ते १८० अंशांमधील असतो. ह्या तिसऱ्या आकड्यामुळेच अशा चष्म्याची काडी वाकडी होऊ देता कामा नये. चौकट कलली की भिंगाची दिशा बदलते आणि दृष्टी पुन्हा अंधुक होते. चष्म्यात असे भिंग आहे की नाही हे सहज पाहता येते. चष्मा हातभर अंतरावर धरून त्यातून दाराची उभी कड पाहावी आणि चष्मा हळूहळू फिरवावा. कड कललेली दिसू लागली तर ते भिंग दंडगोल आहे असे समजावे.

नवा चष्मा लावल्यावर प्रथम काही दिवस जमीन उतरती वाटते किंवा भिंती कललेल्या दिसतात. त्यामुळे पुष्कळ मुले चष्मा काढून ठेवतात. परंतु त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मेंदूला वर्षानुवर्षे जुन्या चित्राची सवय झालेली असते. नवे चित्र अंगवळणी पडण्यास त्याला थोडा अवधी द्यावा लागतो.

हा दोष कशामुळे होतो ह्याविषयी अनेक गैरसमज आहेत. मंद प्रकाशात वाचल्याने किंवा फार अभ्यास केल्याने तो जडत नाही. उंची किंवा नाकाचा आकार जसा प्रत्येकाचा निराळा, तसाच पारपटलाचाही. त्यात कोणाचा अपराध नसतो. क्वचित डोळ्याला इजा झाल्याने किंवा पारपटलावर व्रण राहिल्यानेही दोष उत्पन्न होतो. काही जणांत पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, आणि डोळे सतत चोळण्याची सवय अशा विकाराला साहाय्य करते असे दिसून आले आहे. म्हणून डोळे खाजले तरी ते जोराने चोळू नयेत.

ह्या दोषाच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. बालपणी मेंदू पाहण्यास शिकत असतो. त्या काळात एखाद्या डोळ्याकडून सतत अस्पष्ट चित्रच येत राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि मग पुढे योग्य भिंग लावूनही तो डोळा पूर्णपणे काम देत नाही. अशा डोळ्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. पण खरे पाहता तो आळशी नसून त्याला वेळेवर शिकण्याची संधी मिळालेली नसते. जितक्या लहान वयात उपाय होईल, तितका त्याचा गुण अधिक येतो. म्हणूनच बालकांची दृष्टी शाळेतच तपासण्याची व्यवस्था केलेली असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दृष्टीच्या तपासणीचा समावेश आहे.

परंतु ज्याला स्वतःच्या डोळ्याचा दोष कळत नाही, त्याने काय करावे? त्यालाही एक गोष्ट करता येते. उजवा व डावा डोळा आळीपाळीने झाकून फळ्यावरील अक्षरे, भिंतीवरील दिनदर्शिका किंवा खिडकीचे गज पाहावेत. दोन्ही डोळ्यांना ते सारखेच स्पष्ट दिसतात काय, उभे व आडवे गज सारखेच ठसठशीत वाटतात काय, हे ताडून पाहावे. फरक आढळला, किंवा वाचताना नेहमी कपाळ दुखत असेल, तर संकोच न करता घरी व गुरुजींना सांगावे आणि नेत्रवैद्याकडून डोळे तपासून घ्यावेत. वर्गातील एखादा सोबती फळ्यावरील अक्षरे वारंवार चुकीची उतरवीत असेल, तर त्याला हसण्यापूर्वी त्याला ती कशी दिसतात हे विचारावे. त्याची चूक त्याच्या मनाची नसून पारपटलाच्या केसाएवढ्या बाकाचीही असू शकेल, आणि तो बाक काचेच्या एका तुकड्याने भरून काढता येतो.